डाव्या वळणात इंजिन मिसिंग करतंय? जुन्या मॉडिफाइड रेसकारमधला पेट्रोल पुरवठ्याचा बिघाड

जुन्या ओव्हल ट्रॅक मॉडिफाइड गाड्यांची (अंडाकृती ट्रॅकवर डावीकडे वळत पळणाऱ्या, बदल करून बनवलेल्या रेसकार) एक तक्रार हमखास येते. गॅरेजमध्ये इंजिन सुरेख चालतं, सरळ पट्ट्यावर ओढतंही, पण डाव्या वळणात शिरलं की आचके देतं आणि वळणातून बाहेर पडताना पिकअप घेत नाही. बहुतेकांचा पहिला हात कार्ब्युरेटरच्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) जातो. जेट मोठे होतात, मग लहान होतात, मग अख्खा कार्ब्युरेटर बदलला जातो, आणि गाडी पुन्हा ट्रॅकवर उतरली की तोच प्रकार सुरू. जेटचा दोष फार क्वचित निघतो. टाकीच्या व्हेंटपासून (हवा आत घेणाऱ्या नळीपासून) कार्ब्युरेटरच्या बाउलपर्यंतच्या (पेट्रोल साठणाऱ्या वाटीपर्यंतच्या) वाटेत कुठेतरी घोळ असतो. म्हणून ही तपासणी मागून पुढे, टाकीकडून इंजिनकडे करायची.

इथे बोलतोय ते अमेरिकेच्या ईशान्येकडच्या आणि व्हर्जिनिया-कॅरोलायनाकडच्या मॉडिफाइडबद्दल. १५ फेब्रुवारी १९४८ ला डेटोना बीचवर नॅसकारची (अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या संघटनेची) पहिली शर्यत झाली ती याच वर्गाची, आणि ती रेड बायरनने जिंकली. तेव्हाच्या गाड्या म्हणजे युद्धापूर्वीच्या फोर्ड कूप आणि त्यात फ्लॅटहेड व्ही-८. १९५५ मध्ये शेव्हर्लेचं २६५ घन इंचांचं स्मॉल-ब्लॉक आलं, पुढे २८३, ३२७, ३५० झालं, आणि सत्तरच्या दशकात त्यावर पिंटो, व्हेगा, ग्रेमलिन या छोट्या गाड्यांचे सांगाडे चढले. न्यू यॉर्कमधल्या रोम या एकाच गावचे रिची इव्हान्स आणि जेरी कुक यांनी १९७१ ते १९८५ ची सगळी राष्ट्रीय विजेतेपदं आपसात वाटून घेतली: इव्हान्सची नऊ, कुकची सहा. त्या काळात गाडी आठवड्याला दोन-तीनदा पळायची. टाकीत पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळत नसे. आज तीच गाडी वर्षातून चार वेळा प्रदर्शनाच्या फेऱ्यांना बाहेर येते, उरलेला काळ ताडपत्रीखाली असते, आणि टाकीत बहुधा १० टक्के इथेनॉल मिसळलेलं पंपावरचं पेट्रोल तसंच राहतं. उभी राहून ती जास्त बिघडते. खालच्या बहुतेक तपासण्यांचं मूळ यातच आहे.

सगळ्यात आधी ऑइलचा काटा

वळणात इंजिन गुदमरताना ऑइल प्रेशरचा काटाही पडत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि इंजिन बंद करा. डाव्या वळणात ऑइल उजवीकडे धावतं. संपमधला (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातला) पिकअप, म्हणजे ऑइल ओढणारी नळी, उघडा पडला की बेअरिंगांना ऑइलऐवजी हवा मिळते. पेट्रोल कमी पडलं तर निदान काही फेऱ्यांची मुभा असते, इथे काही सेकंदांचीही नसते. मोजायचा आडाखा असा: दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय. वळणात त्याच्या निम्म्यावर आलं तरी गाडी ट्रेलरवर चढवा आणि संप उघडणाऱ्या इंजिन बिल्डरकडे न्या.

लक्षणं नीट ऐका

ड्रायव्हर "मिसिंग करते" एवढंच सांगतो. त्याला नेमकं विचारा: कुठे, कधी, आणि टाकीत किती पेट्रोल असताना?

- वळणाच्या मधोमध गुदमरतं आणि सरळ आल्यावर सेकंदभरात सावरतं: बाउलमधली पातळी, किंवा टाकीतला पिकअप (पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड).
- टाकी एक तृतीयांशाखाली गेल्यावरच होतं: जवळजवळ नक्की पिकअप.
- सरळ पट्ट्याच्या शेवटी दम तुटतो आणि दर फेरीला वाढत जातो: व्हेंट, फिल्टर, पाइप किंवा पंप. पुरवठाच कमी पडतोय.
- वळणातून निघताना काळा धूर, पेट्रोलचा वास, घुर्रर्र असा जड आवाज: कमी नव्हे, जास्त पेट्रोल. बाउल ओव्हरफ्लो होतोय.
- पिवळ्या झेंड्याखाली (धोका असताना सगळ्यांनी संथ चालायची खूण) दोन-तीन संथ फेऱ्या झाल्यावर पुन्हा वेग घेताना अडखळतं: पाइपात पेट्रोलची वाफ धरतेय.
- बटण दाबल्यासारखं इंजिन एकदम बंद, टॅकोमीटरचा काटा थेट शून्यावर, आणि तितक्याच झटक्यात परत चालू: हे पेट्रोल नाही, इग्निशन आहे. वायरिंग, किल स्विच आणि अर्थ तपासा. पेट्रोल संपताना इंजिन फटफट करत, हळूहळू सोडतं.

ट्रॅकही बोलतो. विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे स्टेडियम पाव मैलाचं आणि सपाट आहे. तिथे पट्टा आखूड आणि वळण लांब, म्हणून बाउल आणि पिकअपचे दोष आधी दिसतात. कनेटिकटमधल्या थॉम्प्सनसारख्या ५/८ मैलाच्या ट्रॅकवर थ्रॉटल बराच वेळ पूर्ण उघडा राहतो, म्हणून तिथे पंप आणि फिल्टर उघडे पडतात. एका ट्रॅकवर ठीक चालली म्हणजे दोष गेला असं धरू नका.

१. टाकीचं झाकण आणि व्हेंट — खर्च शून्य

टाकीतून पेट्रोल निघतं तेवढी हवा आत आली पाहिजे. व्हेंट बंद असेल तर आत पोकळी तयार होते आणि पंप तिच्याशी झुंजत राहतो. फेऱ्या संपवून पिटमध्ये आल्याबरोबर झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर चोर सापडला. व्हेंटची नळी काढून तोंडाने नव्हे, हातपंपाने हवा मारून बघा. उभ्या गाडीच्या नळीत गांधीलमाशीचं मातीचं घर सापडणं अगदी नेहमीचं आहे. गाडी उलटली तर पेट्रोल सांडू नये म्हणून व्हेंटमध्ये गोळीचा व्हॉल्व्ह असतो. ती गोळी चिकटाने वर अडकते. व्हॉल्व्ह हातात घेऊन हलवला की ती खुळखुळली पाहिजे.

खात्री करण्यासाठी झाकण सैल ठेवून ट्रॅकवर जायचं नाही. एकदाही नाही.

२. भरल्या टाकीने पुन्हा चालवून बघा

दोष गायब झाला तर पिकअप चुकीच्या कोपऱ्यात आहे, किंवा टाकीतला फोम सरकलाय. ओव्हलवर पेट्रोल उजवीकडे आणि वेग घेताना मागे धावतं, म्हणून पिकअप टाकीच्या उजव्या-मागच्या कोपऱ्यात तळाला हवा. जीर्णोद्धारात टाकी काढून परत बसवताना ती फिरवून बसलेली किंवा पिकअपची नळी मध्येच लोंबकळत राहिलेली बरेचदा आढळते. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं, म्हणून कुणाला संशय येत नाही.

३. फिल्टर कापून बघा

फिल्टर नुसता बदलू नका. जुना कापा, आतला कागद पांढऱ्या कापडावर उलगडा आणि उजेडात धरा. नवा फिल्टर लक्षण लपवतो, जुना कारण सांगतो.

तांबूस खवले निघाले तर पत्र्याच्या टाकीला गंज आहे. बोटांत चिरडला की पिठासारखा होणारा मऊ, काळपट किंवा पिवळसर चुरा म्हणजे फ्युएल सेलमधला (रेसकारच्या सुरक्षित टाकीतला) फोम कुजलाय. मग फिल्टर कितीही बदला, दोन फेऱ्यांत पुन्हा तुंबेल. तपकिरी, चिकट थर हे शिळ्या पेट्रोलचं वार्निश. पांढरी बुळबुळीत जेली मिथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांत दिसते. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि अॅल्युमिनियम खातं, त्याचाच हा अवशेष.

पंपाच्या आधी जाड जाळीचा, १०० मायक्रॉनचा फिल्टर लावा. बारीक फिल्टर पंपाच्या पुढे. ओढणाऱ्या बाजूला बारीक कागद बसवला की पंप स्वतःच उपाशी राहतो. ही अदलाबदल खूप गाड्यांत सापडते.

४. बाउलमधली पातळी

वळणात १ जी एवढा आडवा जोर आला की पेट्रोलचा पृष्ठभाग ४५ अंश कलतो. कार्ब्युरेटरच्या बाउलमध्येही तेच होतं. पेट्रोल उजव्या भिंतीवर चढतं, डावा जेट उघडा पडतो आणि उजवीकडच्या व्हेंटमधून पेट्रोल खाली सांडू शकतं. अर्धं इंजिन उपाशी आणि अर्धं बुडालेलं, अशी अवस्था होते. पातळी आधीच थोडी चुकलेली असेल तर वळण ती चूक मोठी करून दाखवतं.

होलीच्या ४१५० जातीच्या कार्ब्युरेटरला प्रत्येक बाउलच्या बाजूला पातळी बघायचा स्क्रू असतो. गाडी आधी समतल करा, पण जमिनीवर विसंबू नका. ओव्हलच्या गाडीचं उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मोठं असतं, त्यामुळे सपाट फरशीवरही ती कललेली असते. पाणसळ कार्ब्युरेटरच्या वरच्या कडेवर ठेवा आणि जॅकने ती जागा समतल करा. इंजिन आयडलवर ठेवून स्क्रू काढला की पेट्रोल भोकाच्या खालच्या काठाशी नुसतं टेकलेलं दिसलं पाहिजे. खाली कापड, शेजारी अग्निशामक, आणि तो हातात धरून उभा एक माणूस. हेडर (इंजिनचे एक्झॉस्ट पाइप) तापायच्या आत हे आटपा. काचेचे स्क्रू मिळतात, ते बसवले तर भोक उघडावंच लागत नाही.

पातळी बदलायची तर बाउलच्या डोक्यावरचा लॉक स्क्रू सैल करा आणि ५/८ इंची पान्याने खालचा नट फिरवा. घड्याळाच्या दिशेने पातळी उतरते, उलट दिशेने चढते. एका वेळी नटाची एकच बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा. लॉक स्क्रू घट्ट करताना नट हलू देऊ नका.

पातळी ठरत नसेल, हळूहळू चढत राहत असेल, तर नीडल-सीट (बाउलमध्ये येणारं पेट्रोल सोडणारा आणि थांबवणारा व्हॉल्व्ह) बघा. भिंगातून पाहिलं तर नीडलच्या टोकावर सीटची गोल खाच उमटलेली दिसते, किंवा केसाएवढा कण अडकलेला असतो. तेवढ्यानेही बाउल ओव्हरफ्लो होतो. मिथेनॉलवर व्हायटॉन टोकाची नीडल चालत नाही, फुगते. तिथे स्टीलची लावा.

५. प्रेशर गेज

गेज कार्ब्युरेटरच्या तोंडाशी लावा, पंपाशी नाही. आयडलला साडेपाच ते सात पीएसआय मिळावेत. पण खरी परीक्षा पट्ट्याच्या शेवटी असते. ४०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला सुमारे दोन लिटर पेट्रोल पितं. आयडलला प्रेशर उत्तम आणि पट्ट्याच्या टोकाला चारच्या खाली, असं असेल तर पुरवठा कमी पडतोय, मग पुढचे दोन मुद्दे. प्रेशर कायम राहून इंजिन गुदमरत असेल तर मुद्दा ८ वर जा.

पेट्रोलची नळी ड्रायव्हरच्या कप्प्यात आणून गेज बसवू नका. काचेआडून दिसेल असा बॉनेटवर लावा किंवा विजेचा सेन्सर वापरा.

फ्लॅटहेडवाल्यांसाठी वेगळी सूचना. स्ट्रॉमबर्ग ९७ या जुन्या कार्ब्युरेटरला अडीच-तीन पीएसआयच्या वर सोसत नाही. सोय म्हणून लावलेला आजचा इलेक्ट्रिक पंप सात पीएसआयने ढकलतो आणि नीडल उचलून धरतो. मग वळणात काळा धूर येतो आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरला नावं ठेवली जातात. रेग्युलेटर बसवा, विषय संपतो.

६. पाइप आणि जोड

टाकी ते पंप या भागात पेट्रोल ओढलं जातं, ढकललं जात नाही. इथल्या भेगेतून पेट्रोल गळत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे जमीन कोरडी आणि इंजिन उपाशी. पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता लावा आणि गॅरेजमध्येच इंजिन चालवून बघा. बुडबुड्यांची माळ दिसली की जोड एकेक करून कसा. तपासणी झाली की तो तुकडा काढून टाका.

स्टीलची जाळी असलेले पाइप फसवतात. बाहेरून वीस वर्षांनीही चकचकीत, आणि आतलं रबर इथेनॉलने फुगून सुटलेलं. सुटलेला पापुद्रा ओढ वाढली की आडवा येतो, ओढ थांबली की मागे जातो. गॅरेजमध्ये म्हणूनच काही सापडत नाही. पाइपचं वय माहीत नसेल तर बदला. अर्धा इंच आतल्या व्यासाचा, इथेनॉल चालणारा घ्या. हेडरपासून लांबून न्या, जमत नसेल तिथे उष्णतारोधक वेष्टण घाला. पिवळ्या झेंड्यानंतरची वाफ इथेच धरते.

७. पंप आणि त्याचा पुशरॉड

आधी डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटलाय. इंजिन चालू करायचं नाही. पंप बदला, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन किती चाललं हे माहीत नसेल तर बेअरिंगं बघायला बिल्डरकडे.

स्मॉल-ब्लॉक शेव्हर्लेत कॅम आणि पंप यांच्या मध्ये एक पुशरॉड असतो. नवा ५.७५० इंच. व्हर्नियरने मोजा. वीसएक हजारांश इंच कमी भरला किंवा टोक वाटीसारखं झिजलं असेल तर बदला, कारण रॉड जेवढा आखूड तेवढा पंपाचा ठोका आखूड. बिलेट रोलर कॅम असेल तर कांस्याच्या टोकाचाच रॉड लागतो, नाहीतर कॅम खाल्ला जाईल.

रॉड वर धरून ठेवायला ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, उजव्या बाजूला एक बोल्टचं भोक आहे. त्यात लांब बोल्ट हलक्या हाताने टेकवा, पंप बसवा, आणि मग लांब बोल्ट काढून आखूड परत लावा. लांब राहिला तर रॉड अडकतो. रेसकारमध्ये इंजिनची पुढची प्लेट याच भोकात कसलेली असते. प्लेट बदलताना कुणी बोल्ट जरा लांब घेतला की रॉडवर घासतो, आणि पंप नवा घेतला तरी दोष तसाच राहतो.

८. कार्ब्युरेटर उघडणं

आता, इथवर आल्यावरच. फ्लोटची (बाउलमध्ये तरंगून नीडल उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भागाची) बिजागरी कशी आहे ते पाहा. बाजूला टांगलेला फ्लोट आडव्या जोरात स्वतःच वर-खाली होतो आणि नीडल उघडतो किंवा दाबतो. मध्ये टांगलेल्या फ्लोटवर तो परिणाम होत नाही. ओव्हलसाठी मधलाच हवा. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर त्याला सूक्ष्म भोक आहे, डाग देऊ नका, नवा घ्या. व्हेंटमधून पेट्रोल सांडत असेल तर बाउलमध्ये व्हेंटचे प्लास्टिक आडोसे बसवा. ते स्वस्त आहेत आणि काम करतात.

चोकच्या कॉलरवरचा लिस्ट क्रमांक (होलीचा मॉडेल क्रमांक) उघडण्याआधी लिहून घ्या. ४७७९ म्हणजे ७५० सीएफएमचा (मिनिटाला एवढे घनफूट हवा घेणारा) डबल पंपर, ४४१२ म्हणजे ५०० चा टू-बॅरल. शर्यतीसाठी कॉलर कापलेली असेल तर क्रमांक गेलेला असतो. मग जेटचे आणि पॉवर व्हॉल्व्हचे आकडे नोंदवून ठेवा. गाडी मूळ कशी चालत होती याचा तेवढाच पुरावा उरलेला असू शकतो.

९. टाकीच्या आत

फोम बदलण्याइतपत काम काळजीपूर्वक करणारा माणूस घरी करू शकतो: मोकळ्या हवेत, टाकी पूर्ण रिकामी करून, जवळपास ठिणगी नको. त्यापुढे थांबायचं. ब्लॅडर (सेलमधली रबरी पिशवी) चिकट झाला, घडीवर तडा दिसला, बाहेरच्या पत्र्यात पेट्रोलचा ओलावा सापडला, तर तो सेल संपला. एफआयए (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) प्रमाणित ब्लॅडरची मुदत पाच वर्षं असते, आणि ती मुदत उभ्या गाडीलाही लागू आहे.

जुनी टाकी तशीच ठेवायचा मोह समजण्यासारखा आहे. छायाचित्रात दिसते तीच टाकी, तेच झाकण, तोच ठोकलेला पत्रा. तर तो पत्रा ठेवा, वरचं रंगकाम ठेवा, आणि आत मापाचा नवा ब्लॅडर बनवून घ्या. मूळ भाग जपण्याचा आग्रह पेट्रोलच्या बाबतीत मी मानत नाही. गाडी पेटली तर जपायला काही उरत नाही.

कधी हात मागे घ्यायचा

- टाकीला वेल्डिंग लागणार असेल. रिकामी, धुतलेली टाकीही वाफेने फुटते. हे काम फक्त टाकी दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.
- पूर्ण थ्रॉटलला फटाके फुटत असतील आणि प्लगच्या पोर्सेलीनवर चकाकणारे बारीक ठिपके दिसत असतील. ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. "अजून एक फेरी मारून बघू" म्हणू नका, लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा किती गळते त्याची तपासणी) करणाऱ्या बिल्डरला बोलवा.
- गाडीवर हिलबॉर्नसारखं यांत्रिक इंजेक्शन असेल. त्याचा पंप, नोझल आणि बायपास पिल एकमेकांशी जुळवलेले असतात. फ्लो बेंच नसताना त्याला हात लावला तर दोष वाढतो.
- वरचं सगळं तपासून प्रेशर स्थिर आहे, पातळी बरोबर आहे, तरी वळणात गुदमरतं. मग मॅनिफोल्डची गळती, व्हॉल्व्ह स्प्रिंग किंवा डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट यापैकी काहीतरी असतं, आणि ते डायनोवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) लवकर सापडतं.

ताडपत्री घालण्याआधी

पेट्रोल पूर्ण काढा, टाकीतूनही आणि बाउलमधूनही. मिथेनॉलची गाडी असेल तर शेवटची दोन मिनिटं इंजिन इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर चालवा, म्हणजे मिथेनॉल पंपातून आणि जेटमधून धुऊन जातं. मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं, म्हणून त्याच जेटवर पेट्रोल गरजेपेक्षा फार जास्त जाईल. नुसतं आयडलवर ठेवा, थ्रॉटल मारू नका. व्हेंटच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. ब्लॅडर, फोम आणि पाइप बसवल्याची तारीख पत्र्याच्या पट्टीवर कोरून ती टाकीच्या चौकटीला रिव्हेटने ठोका. वही हरवते, आणि या गाड्या मालक बदलतात.